मुंतहाच्या दुखवट्याची कॉफी

आमच्या कफरसिंदमध्ये माणूस तीन टप्प्यांत मरतो. आधी श्वास जातो. मग चर्चची घंटा वाजते आणि माझ्या छापखान्यातून काळ्या चौकटीचं पत्रक निघून गावभर भिंतींवर लागतं. आणि मग अख्खं गाव मयताच्या घरच्यांसमोर बसून बिनसाखरेची कॉफी पितं. पहिल्या टप्प्याबद्दल मतभेद होऊ शकतात. डॉक्टर चुकतात, गेलेली नाडी परत सापडते. तिसरा टप्पा झाला की मात्र विषय मिटला. दुखवट्याची कॉफी प्यायली म्हणजे प्यायली. त्यानंतर जिवंत राहणं हा निव्वळ आगाऊपणा.

असा आगाऊपणा आमच्या गावात एका बाईने सत्तेचाळीस वर्षं केला. तिची गोष्ट सांगतो, कारण आमच्या इस्पितळाच्या इतिहासाची गुळगुळीत कागदाची पुस्तिका मीच छापली आहे, आणि जन्मभर छापखाना चालवल्यामुळे छापलेल्या कशावरही माझा विश्वास उरलेला नाही.

मी जिर्यस. लोक अबू नसीम म्हणतात. चर्चच्या पायऱ्यांशेजारी माझं दुकान, वडिलांपासूनचं. लग्नपत्रिका हल्ली सगळे राजधानीहून सोनेरी छापून आणतात, पण मरणाला घाई असते, म्हणून मेलेले माझ्याकडे येतात. पत्रकात मयताचं नाव वर, खाली मुलं-बाळं, भावंडं, जिवंत वेगळी, दिवंगत वेगळी, आणि सगळ्यात खाली सोयऱ्याधायऱ्यांची आडनावं. या आडनावांच्या क्रमावरून गावात जेवढी भांडणं झाली तेवढी युद्धातही झाली नाहीत. एकदा औषधवाल्यांचं नाव खाटकांच्या नंतर आलं, तर औषधवाल्यांनी खांदा द्यायचं नाकारलं. मयताची काय चूक, बिचारा!

तर त्या वर्षी, युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती आणि देशात जो तो आपापल्या भिंतीवरची गोळ्यांची भोकं बुजवत होता, तेव्हा आमच्या इस्पितळाला पंचाहत्तर वर्षं होताहेत असा शोध डॉक्टर फदलूंना लागला. डॉक्टर फदलू म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. तीन वर्षं फ्रान्सला शिकून आले आणि येताना गळ्यात एक मफलर घालून आले, तो अजून ऑगस्टातही काढत नाहीत. समारंभाला मंत्री येणार होते. पुस्तिका काढायची ठरली. मला बोलावणं आलं.

डॉक्टरांच्या खोलीत पाद्री यूवाकीम होते आणि मोठ्या खुर्चीत नखले बेक शम्मूर होते. बेक ही पदवी त्यांच्या आजोबांना कुणा तुर्काने दिली की त्यांनी ती आपली आपणच घेतली, यावर गावात दोन मतं आहेत, पण दोन्ही मतांची माणसं त्यांना बेकच म्हणतात. इस्पितळात मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी नवा विभाग बेक आपल्या आईच्या नावाने बांधून देत होते, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या शब्दाबाहेर खोलीतली माशीसुद्धा नव्हती.

डॉक्टरांनी मसुदा वाचायला घेतला. "सन एकोणीसशे एकवीस. थोर दानशूर ख्वाजा तन्नूस ब्राझीलहून मायदेशी परतले आणि गोरगरिबांसाठी त्यांनी हे विश्रांतिगृह उभारलं."

"विश्रांतिगृह?" मी म्हटलं.

"विश्रांतीच घ्यायचे ना तिथे लोक."

"बेड्या घालून?"

पाद्री यूवाकीमांना खोकला आला. त्यांना असा वेळेवर खोकला येतो.

"आणि डॉक्टर, खिडक्यांना ते जाडजूड गज?"

"त्या काळची कलाकुसर आहे ती, अबू नसीम. लोखंडी नक्षी. तुम्ही जोडणीकडे बघा, अक्षराचा आकार जरा मोठा घ्या."

खरी गोष्ट अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. तन्नूस ब्राझीलमधल्या कॉफीच्या मळ्यांतून दोन गोष्टी घेऊन आला, भरपूर पैसा आणि एक बायको. ती रात्ररात्र जागून परक्या भाषेत गाणी म्हणायची आणि दिवसा सासूला ओळख द्यायची नाही. दुसरं लक्षण पुष्कळ सुनांमध्ये असतं, पण पहिलं गावाला झेपेना. मग तन्नूसने गावाच्या वरच्या टोकाला, जिथून गाणी खाली ऐकू येणार नाहीत, तिथे दगडी घर बांधलं आणि नन आणून ठेवल्या. एवढं मोठं घर आणि आत एकच वेडी, हे काही गावाला बघवलं नाही. गावाने मदतीचा हात दिला. कुणी अंथरूण ओलं करणारा सासरा पाठवला, कुणी वाटणी मागणारा भाऊ, कुणी नवऱ्याला उलटून मारणारी बायको. थोडे खरे वेडेही होते, नाही म्हणायला. पुढे सरकारने एक क्ष-किरणांचं यंत्र दिलं, दारावरची पाटी बदलली, वेड्यांना ट्रकमध्ये घालून राजधानीच्या मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात रवाना केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे लोक बाळंतपणाला जाऊ लागले. आमचं गाव तसं प्रगतिशील आहे.

एक जण मात्र ट्रकमध्ये चढली नव्हती.

"आणि डॉक्टर," बेक खिडकीकडे बघत म्हणाले, "वरच्या मजल्यावरचं ते... ते काय झालं?"

"सोमवारी गाडी येतेय, बेक. उत्तरेला समुद्राकाठी वृद्धाश्रम आहे. हवा फार छान तिथली."

"तिथे नाव काय लावणार?"

"ते तिकडचे बघून घेतील."

"हं," बेक म्हणाले. पाद्री पुन्हा खोकले. मला बेकच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, पण मी माझा कागद घडी करून उठलो.

'ते' म्हणजे मुंतहा. बेकची सख्खी बहीण.

आमच्याकडे मुलींवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव मुंतहा ठेवतात. म्हणजे देवाला सांगायचं, बाबा रे, हद्द झाली, आता पुरे कर. शम्मूरांकडे ती पाचवी. देवाने लगेच ऐकलं आणि पुढच्या खेपेला नखले झाला. म्हणजे बेक या जगात आले तेच तिच्या नावाच्या पुण्याईवर.

मुंतहा बावीस वर्षांची असताना वडील गेले. तिच्यावर त्यांचा फार जीव. ती रडली नाही, नुसती भिंतीला टेकून बसून राहिली. दुखवट्याला त्या वेळचे बिशप आले. धिप्पाड माणूस. शम्मूरांनी मानाची कोरीव अक्रोडाची खुर्ची पुढे केली. बिशप टेकले, खुर्ची मोडली, आणि धर्मगुरूंचे दोन्ही जोडे छताकडे झाले. सगळी खोली मूग गिळून बसली. आणि मुंतहा हसली. हसली म्हणजे साधं नाही, तीन दिवसांचं कोंडलेलं सगळं त्या वाटेने बाहेर पडलं. तिला आत नेलं तरी हसू थांबेना. कुणी भेटायला येऊन खुर्चीत बसलं की आतून पुन्हा हसू.

घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. दुखवट्याला हसणारी म्हणजे डोक्यात फरक, आणि ज्या घरात डोक्यात फरक त्या घरची मुलगी कोण करतो? तिला वर नेऊन सोडलं. दोन आठवड्यांसाठी. हसू तिचं पहिल्याच रात्री थांबलं म्हणे, पण घरच्यांना घाई नव्हती. एवढ्यात तिच्याहून थोरली रुजीना, तिला जहले शहरातलं तालेवार स्थळ आलं. पाहुण्यांनी विचारलं, मुली पाच ऐकल्या होत्या, पाचवी दिसत नाही? तेव्हा मुंतहाच्या आईने जे सुचलं ते सांगितलं. छातीचा आजार, दूरच्या डोंगरातलं क्षयाचं इस्पितळ, तिकडेच गेली, रोग पसरू नये म्हणून तिकडेच पुरली.

एकदा बोललं की निस्तरायला हवं. घंटा वाजवली. माझ्या वडिलांनी पत्रक छापलं. गावाने तीन दिवस कॉफी प्यायली. वरच्या घराच्या खिडकीतून चर्चचं अंगण स्वच्छ दिसतं, आणि चर्चच्या अंगणातून वरच्या घराच्या दोरीवर चादरी वाळत घालणारी मुंतहा स्वच्छ दिसायची. गाव फक्त वर बघायचं नाही. आमच्या म्हाताऱ्यांना मानेचं दुखणं आहे ते तेव्हापासूनचं.

पुढे ट्रक आले तेव्हा तिच्या बदलीच्या कागदावर घरच्यांची सही मागितली. शम्मूरांनी कळवलं की त्यांची मुलगी वारली. वारलेल्या बाईची बदली कशी करायची? म्हणून ती राहिली. वरच्या मजल्यावर जिन्याजवळची एक खोली आणि तळमजल्यावर डॉक्टरांची कॉफी करायचं काम. तिच्या हातची कॉफी प्यायल्याशिवाय डॉक्टर फदलूंचा हात शस्त्रक्रियेला धजत नाही, आणि ती अस्तित्वात नाही असं त्यांचं ठाम मत आहे.

शुक्रवारी मी पुस्तिकेची कच्ची पानं घेऊन वर गेलो. मुंतहा चुलीशी उभी होती. बुटकी, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले, अंगात कुणा मेलेल्या रोग्याचा स्वेटर.

"काय अबू नसीम, आहे का मी पुस्तकात?"

"नाही, सित मुंतहा." तिला मी सित, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचो.

"चांगलं झालं. पुस्तकात येण्याइतकी मी कुठे जुनी आहे?" तिने रकवा, लांब दांड्याचं ते कॉफीचं भांडं, चुलीवरून उचलला, फेस खाली बसू दिला, पुन्हा ठेवला. "माझं पत्रक तुझ्या वडिलांनी झकास छापलं होतं म्हणतात. मला मेलं कुणी दाखवलंही नाही. बरं, कॉफी कशी झाली होती माझ्या दुखवट्याची?"

हा प्रश्न ती मला भेटेल तेव्हा विचारायची.

"मी लहान होतो. मला दिली नाही."

"सुटलास. आमच्या आईची कॉफी म्हणजे नुसता गाळ. चुलीवर ठेवायची आणि रडायला जायची. माझ्या वेळेला तर रडायला जाऊन किती वेळ लावला असेल."

मी हसलो नाही. म्हटलं, "सोमवारी गाडी येतेय म्हणे."

"कळलंय. हवा छान आहे म्हणे." तिने पेला माझ्या पुढे ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "हे बघ, मला कुणाचं घर नको. कुणाच्या ताटातला घास नको. ती वरची खोली माझी आहे. खिडकीतून बाबांची कबर दिसते. इथे मरायचंय आणि तिथे जायचंय, एवढंच अंतर. आणि घंटा वाजली पाहिजे. मागच्या वेळी वाजली तेव्हा मी भांडी घासत होते, नीट ऐकूसुद्धा आली नाही."

"बेकशी बोलू का मी?"

"काय बोलशील? त्या समुद्राकाठी मला कोण ओळखतं रे? इथे निदान मला न ओळखणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत." तिने पेला आणखी पुढे सरकवला. "पी. गार झाली की तुझ्या तोंडासारखी लागते."

शनिवारी पहाटे रुजीना गेली. तीच, जहलेची. विधवा होऊन मुलीसकट भावाकडे राहत होती. घंटा वाजली आणि तासाभरात बेक स्वतः दुकानात आले. मजकूर सांगायला लागले, मी लिहायला लागलो. मुलगी ओदेत. भाऊ नखले. खाली दिवंगत बहिणींची नावं, एक, दोन, तीन, आणि चौथी मुंतहा.

मी पेन उचललं. "चारही दिवंगत ना, बेक?"

"म्हणजे?"

"काही नाही. मोजून घेतो. मागच्या वेळी आमच्या वडिलांनी मोजलं नव्हतं."

बेकचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हातातली काठी डोक्यात पडते. पडली नाही. त्यांनी कोटाचं बटण लावलं, ते चुकीच्या काजात गेलं, आणि ते तसेच बाहेर पडले. म्हातारा दिसला मला तो माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा.

पत्रक छापलं. माझं कामच आहे ते. चर्चच्या दाराला लावलं, पावाच्या भट्टीच्या भिंतीला लावलं, इस्पितळाच्या फाटकाला लावलं. फाटकाला दर वेळीच लावतो. या वेळी जरा नीट लावलं, उजेडात, एका बुटक्या बाईच्या नजरेच्या उंचीवर. खोटं कशाला सांगू!

रविवारी दुपारी पुरून आलो आणि चर्चच्या दालनात दुखवटा सुरू झाला. आमच्याकडे उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, अशा भिंतीलगत समोरासमोर रांगा असतात. पुढे मयताच्या घरचे बसतात. येणारा प्रत्येक जण रांगेतल्या प्रत्येकाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, "तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." एकालाही वगळायचं नाही. वगळलंत तर ते भांडण नातवंडांना पुरतं.

चारच्या सुमारास दारात मुंतहा आली. कुणा ननचा जुना काळा कोट, काळा रुमाल. ती बायकांच्या रांगेकडे वळली आणि एकेकीचा हात हातात घेत, उरलेलं आयुष्य लाभो, उरलेलं आयुष्य लाभो, करत पुढे सरकली. सवय मोठी वाईट. बायकांनी आधी हात दिला आणि मग वर बघितलं. रांगेच्या तोंडाशी रुजीनाची ओदेत बसली होती, शाळेत शिकवते, पंचेचाळिशीची. तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती. मुंतहा तिच्यावर टेकली आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसली.

कॉफी देणारा तबक घेऊन जिथे होता तिथेच उभा राहिला. समोर बेक जमिनीकडे बघत होते.

"आपण कोण?" ओदेतने विचारलं.

"तुझी मावशी."

"कुठली मावशी?"

"वारलेली."

ओदेतने टेबलावरच्या आईच्या फोटोकडे बघितलं, मग शेजारी बघितलं. शम्मूरांचं नाक असं आहे की ते झाकायला एक पत्रक पुरत नाही. तिच्या आईने तिला काय सांगितलं होतं, काय नव्हतं, मला माहीत नाही. आपली खुर्ची थोडी सरकवून तिने मावशीला पाय मोकळे करायला जागा दिली.

एवढ्यात औषधवाल्यांची म्हातारी ओम तौफीक आत आली. मुंतहाच्या पहिल्या दुखवट्याला हिने तिन्ही दिवस हजेरी लावली होती. रांगेच्या तोंडाशी येऊन म्हातारी थबकली. हात पुढे करावा तर आपण प्यायलेली कॉफी खोटी ठरते, न करावा तर शम्मूरांच्या रांगेतल्या बाईला वगळलं असं होतं. म्हातारीच्या कपाळाला घाम आला. शेवटी तिने हात पुढे केला.

"तिचं उरलेलं आयुष्य तुला लाभो... मुंतहा."

नाव निघून गेलं तोंडातून. एकदा बांध फुटल्यावर काय राहतं? मागून खाटीक आला, भट्टीवाला आला, शाळेचे मास्तर आले. ज्यांनी जन्मभर मान वर केली नव्हती ते वाकून वाकून मुंतहाचा हात दाबत होते. डॉक्टर फदलू आले. त्यांनी मुंतहाला बघितलं आणि त्यांची दातखीळ बसली. मफलर सोडवत, ततपप करत त्यांनी एकदाचं आयुष्य लाभो म्हटलं.

"लाभेल ना, डॉक्टर," मुंतहा म्हणाली. "सोमवारपर्यंत तरी."

मग बाहेर गाडीचा आवाज झाला आणि सगळे उठून उभे राहिले. बिशप. हे नवे, शहराकडचे, आमच्या गावच्या भानगडी ठाऊक नसलेले, पण आकाराने जुन्या बिशपांचीच परंपरा चालवणारे. बेक आणि ओदेतला भेटून ते मुंतहापाशी आले आणि त्यांनी भल्या मोठ्या आवाजात विचारलं, "या कोण आपल्या?"

पाद्री यूवाकीम खोकले. कुणी लक्ष दिलं नाही.

"आईची बहीण, सय्यदना," ओदेत म्हणाली.

"सख्खी?"

"सख्खी."

बिशप वळून बेकना म्हणाले, "अरे! तुम्हाला अजून एक बहीण आहे हे बोलला नाहीत कधी, नखले बेक?"

मी बेकच्या शेजारीच उभा होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. डॉक्टर माझ्या मागून पुढे वाकले आणि बेकच्या कानाशी कुजबुजले, "काय करू? गाडी आजच बोलावू का?"

"कसली गाडी?" बेक एकदम ओरडले. "कसली गाडी, रे गाढवा!"

ते पुढे झाले. पुरुषांच्या रांगेत एकदा बसल्यावर उठून बायकांच्या रांगेकडे दुखवट्यात कुणी जात नाही, घरचा माणूस तर नाहीच. बेक मधली मोकळी जागा ओलांडून गेले आणि मुंतहासमोर उभे राहिले. कोटाचं बटण अजून चुकीच्याच काजात होतं. त्यांनी हात पुढे केला.

"रुजीनाचं उरलेलं आयुष्य... तुला लाभो, मुंतहा."

मुंतहाने तो हात बराच वेळ नुसता बघितला. मग घेतला.

"उशीर केलास, नखले. कॉफी गार झाली."

नेमके त्याच वेळी बिशप त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत टेकले. खुर्ची करकरली. नुसती करकरली, मोडली नाही, पण दालनातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने मान वळवून त्या खुर्चीकडे बघितलं. मी बघितलं. बेकने बघितलं. मुंतहाने बघितलं. मग बहीण-भावाने एकमेकांकडे बघितलं आणि मुंतहाचे ओठ थरथरायला लागले.

ती हसली. तोंडावर रुमाल दाबला तरी खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी डॉक्टरांना खूण केली.

"मावशी हसतेय," ओदेत उठून उभी राहिली. शाळेतला आवाज काढला तिने. "हसू दे तिला. कुणी हात लावायचा नाही."

आणि मग लोकांच्या लक्षात आलं की दोघांचे खांदे हलताहेत. बेक हसत होते. तोंडात कोटाची बाही घातलेली, डोळे मिटलेले, लहान पोरासारखे. बहिणीचा हात त्यांनी सोडला नव्हता.

"त्या दिवशीही," मुंतहा धापा टाकत म्हणाली, "बाबांच्या दुखवट्याला... आधी तू हसला होतास, नखले. असाच. बाही तोंडात घालून."

बेकने मान हलवली. हो म्हणून.

"तुला बघून मला आलं."

"हो," बेक म्हणाले. "मला ओसरीवर पाठवलं, पाणी पिऊन ये म्हणून."

आणि हिला वर पाठवलं, दोन आठवड्यांसाठी. हे कुणी बोललं नाही. बोलायला गावात तोंड कुणाला होतं? बेक तिच्या शेजारी, बायकांच्या रांगेत, जमिनीवरच बसले, आणि आता ते हसत नव्हते.

सोमवारी गाडी आली आणि ड्रायव्हर कॉफी पिऊन परत गेला. बेकनी तिला घरी चल म्हणून फार विनवलं. तिने ऐकलं नाही. म्हणाली, घरीच असते मी, तू येत जा. तेही रोज सकाळी वर जायला लागले आणि चुलीशेजारच्या बाकावर बसून तिच्या शिव्या खायला लागले. समारंभ झाला, मंत्री आले. पुस्तिकेचं पहिलं वाक्य बेकनी स्वतः सांगून लिहवलं, की हे घर वेड्यांसाठी बांधलं आणि त्यात गावाने शहाणीही माणसं कोंडली. डॉक्टर फदलूंनी हरकत घेतली. मी अक्षराचा आकार जरा मोठा घेतला.

दोन वर्षांनी मुंतहा गेली, आपल्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. घंटा बेकनी पाद्र्यांच्या हातून घेऊन स्वतः ओढली. इतका वेळ ओढली की खालच्या गावांतून माणसं विचारायला आली. पत्रकाचा मजकूर सांगायला मात्र त्यांना जमलं नाही, तो ओदेतने सांगितला, आणि वडिलांच्या कबरीत तिला जागा झाली.

दुखवट्याची कॉफी बेकनी कुणाला करू दिली नाही. चुलीवर ठेवायचे आणि रडायला जायचे. नुसता गाळ झाली होती. आम्ही सगळ्यांनी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.